ई-बस मंजूर झाल्या, पण डेपोची जागा कुणाच्या ताब्यात आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंदाजपत्रकाचे दिवस आले की ‘शहरासाठी शंभर ई-बस मंजूर’, ‘वाहतूक प्रकल्पांना केंद्राचा निधी’ अशा बातम्या आपल्या दैनिकासह सगळीकडे ठळक छापून येतात. दोन-तीन वर्षांनी त्याच शहराची दुसरी बातमी येते : बस आलेल्या नाहीत, निधी पडून आहे, मुदतवाढीचा प्रस्ताव पाठवला आहे. या दोन बातम्यांच्या मध्ये जे काही होते ते टिपणीत, शेऱ्यांत आणि स्मरणपत्रांत होते, म्हणून ते वाचकांपर्यंत पोचत नाही. महापालिकेचा परिवहन विभाग अनुदान कसे मागतो, प्रस्ताव कुठे अडतो आणि कशामुळे, हे करदात्यांना कळावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण हा विषय आकड्यांवाचून मांडता येत नाही.

सध्याची ‘पीएम ई-बस सेवा’ योजना घेऊ. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला १६ ऑगस्ट २०२३ रोजी मंजुरी दिली. १६९ शहरांत १०,००० ई-बस, एकूण अंदाजित खर्च ५७,६१३ कोटी रुपये आणि त्यात केंद्राचा वाटा २०,००० कोटी. २०११च्या जनगणनेनुसार तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येची शहरे पात्र, आणि जिथे संघटित बससेवाच नाही त्यांना अग्रक्रम. पाच लाखांच्या आतल्या शहराला ५०, पाच ते वीस लाखांच्या शहराला १०० आणि त्यावरच्या, चाळीस लाखांपर्यंतच्या शहराला १५० बसपर्यंत मागणी करता येते.

‘केंद्र आपल्याला शंभर बस देणार’ अशीच सर्वसाधारण समजूत असते. नगरसेवकांचीही तीच असते, आणि पहिली चूक तिथेच होते. या योजनेत केंद्र बस विकत घेत नाही, महापालिकाही घेत नाही. बस ठेकेदार आणतो, चालक त्याचा, देखभाल त्याची. महापालिका त्याला धावलेल्या किलोमीटरचे पैसे देते, वाहक नेमते, तिकिटाचे उत्पन्न स्वतःकडे ठेवते. केंद्र किलोमीटरमागे साहाय्य करते : १२ मीटर बसला २४ रुपये, ९ मीटरच्या मिडी बसला २२ आणि ७ मीटरच्या मिनी बसला २०, दहा वर्षांसाठी. शिवाय डेपोचे बांधकाम आणि चार्जरपर्यंत वीज आणून देण्याची यंत्रणा यांसाठी वेगळे साहाय्य आहे.

याआधीच्या योजना निराळ्या होत्या. २००९ मध्ये ‘जेएनएनयूआरएम’ या शहर नूतनीकरणाच्या केंद्रीय योजनेतून बस थेट खरेदी करून महापालिकांच्या मालकीच्या झाल्या. सोलापुरात त्या योजनेतून आलेल्या अनेक बसच्या चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) तडे गेले आणि गाड्या वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या, तेव्हा मालक महापालिका असल्यामुळे नुकसानही तिच्याच अंगावर आले. ‘फेम-२’ या ई-वाहनांसाठीच्या केंद्रीय योजनेत बसच्या किमतीवर अनुदान होते : बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला २०,००० रुपये, किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत, आणि १२ मीटरच्या बसला कमाल ५५ लाख. आताचे साहाय्य धावण्यावर आहे. जुन्या प्रस्तावातली वाक्ये उचलून नव्या योजनेचा प्रस्ताव लिहिला की तो परत येतो. केंद्रीय मंत्रालयाला ‘किती बस हव्यात’ यापेक्षा ‘रोज किती किलोमीटर धावतील आणि उरलेले पैसे कोण देईल’ हे हवे असते.

उरलेल्या पैशांचा हिशेब करून पाहावा. खालचे दर आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्येक शहराने आपल्या निविदेतला दर घालावा. ९ मीटरच्या १०० बस, प्रत्येकी रोज २०० किलोमीटर, वर्षाचे ३६५ दिवस. म्हणजे वर्षाला ७३ लाख किलोमीटर. ठेकेदाराचा दर किलोमीटरला ६० रुपये धरला तर ४३ कोटी ८० लाख. वाहक, तिकीट यंत्रे, नियंत्रण कक्ष, तपासनीस यांसाठी किलोमीटरला १० रुपये, म्हणजे आणखी ७ कोटी ३० लाख. एकूण खर्च ५१ कोटी १० लाख. केंद्राचे २२ रुपयांप्रमाणे १६ कोटी ६ लाख वजा केले की ३५ कोटी ४ लाख उरतात. तिकिटातून किलोमीटरला ३० रुपये मिळाले तर २१ कोटी ९० लाख येतील. तूट १३ कोटी १४ लाख, दरवर्षी. उत्पन्न किलोमीटरला एक रुपयाने घसरले की ही तूट ७३ लाखांनी वाढते.

हा आकडा सर्वसाधारण सभेसमोर ठेवला जातो का? बहुतेक ठरावांत ‘महापालिकेवर कोणताही आर्थिक बोजा पडणार नाही’ किंवा ‘आवश्यक ती तरतूद करण्यात येईल’ एवढेच वाक्य असते. तूट असणे वावगे नाही. शहर बससेवा जगात बहुतेक ठिकाणी तुटीतच चालते. पुण्यात पीएमपीएमएल या शहर बस कंपनीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६० आणि ४० टक्के अशा प्रमाणात भरून काढतात, आणि ते प्रमाण ठरलेले असल्यामुळेच तिथली सेवा टिकून आहे. तूट लपवलेला प्रस्ताव मात्र पुढे हमखास अडतो, तोही राज्याच्या वित्त विभागात.

त्याचे कारण असे. किलोमीटरप्रमाणे पैसे घेणाऱ्या ठेकेदाराची सगळ्यात मोठी भीती म्हणजे महापालिका वेळेवर बिल देणार नाही. ही भीती असली की निविदाच येत नाहीत, आल्या तर दर चढे येतात. म्हणून केंद्राने ११ सप्टेंबर २०२४ रोजी ३,४३५.३३ कोटी रुपयांची ‘देयक सुरक्षा यंत्रणा’ मंजूर केली. महापालिकेने बिल थकवले तर या निधीतून ठेकेदाराला पैसे मिळतात आणि नंतर ते वसूल होतात. वसुलीसाठी राज्य सरकारने रिझर्व्ह बँकेला थेट वजावटीचा अधिकार लिहून द्यायचा असतो. म्हणजे शहराची थकबाकी शेवटी राज्याच्या खात्यातून कापली जाणार. अशा कागदावर सही करण्याआधी वित्त विभाग विचारतो, की या शहराची तूट किती आणि ती कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या कोणत्या ओळीतून) भागणार? त्याचे उत्तर ठरावात नसेल तर फाइल परत जाते. शहरात बातमी होते की ‘मंत्रालयाने प्रस्ताव रखडवला’.

इथे एक तपशील सहसा सुटतो. ‘रोज २०० किलोमीटर’ हे कागदावर सोपे दिसते. गर्दीच्या शहरात बसचा सरासरी वेग ताशी १४ किलोमीटर धरला तर २०० किलोमीटरला सव्वाचौदा तास लागतात, १२ धरला तर साडेसोळाहून अधिक. शेवटच्या थांब्यावरचा वेळ, चालकांची पाळी बदलणे आणि दुपारचे चार्जिंग वेगळे. म्हणजे वेळापत्रक आधी बसवून पाहिल्याशिवाय किलोमीटरचा आकडा देऊच नये. करारात हमी किलोमीटर असतात. बस तेवढी धावली नाही आणि कारण महापालिकेकडचे असेल (रस्ता खोदलेला, वाहक नाही, डेपोत वीज नाही) तर न धावलेल्या किलोमीटरचेही पैसे ठरलेल्या दराने द्यावे लागतात. ज्या शहरांनी बसथांब्यांवरचे अतिक्रमण आणि मुख्य रस्त्यांवरचे पार्किंग हटवले नाही, त्यांनी २०० ऐवजी १६० किलोमीटरवर प्रस्ताव करावा. तो कमी आकर्षक दिसेल, पण खरा असेल.

आता जागा. आमच्या मते महाराष्ट्रातल्या मध्यम शहरांचे अनुदान सगळ्यात जास्त इथे अडकते.

शंभर बसच्या डेपोला गाड्या उभ्या करणे, वळवणे, चार्जर, रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर), वर्कशॉप, धुलाई आणि कर्मचाऱ्यांच्या खोल्या धरून साधारण चार ते पाच एकर लागतात. प्रस्तावासोबत जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक जोडावे लागते. विकास आराखड्यात ‘बस डेपो’ असे आरक्षण आहे एवढ्यावर भागत नाही. आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. खासगी जागा असेल तर भूसंपादन किंवा टीडीआर (जागेच्या बदल्यात दिले जाणारे विकास हक्क), शासकीय जागा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडून आगाऊ ताबा, आणि आरक्षण दुसऱ्या कारणासाठी असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल. या फेरबदलात सूचना, हरकती, सुनावणी आणि शासनाची मंजुरी एवढे टप्पे आहेत. त्यात वर्ष सहज जाते. योजना जाहीर झाल्यावर हे सुरू केले तर वेळ निघून गेलेली असते.

मग अधिकारी उपलब्ध असलेली कुठली तरी जागा दाखवतात. ती जुन्या जकात नाक्याची असते, कचरा डेपोलगतची असते, किंवा नदीकाठची. शेवटच्या प्रकाराबद्दल सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना जास्त सांगायला नको. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी कुठवर आले ते सर्वांनी पाहिले आहे. डिझेल बस पाणी वाढताना उंचावर नेऊन ठेवता येते. रोहित्र, उच्चदाब पॅनेल आणि चार्जर हलवता येत नाहीत. म्हणून जागेचा नकाशा जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषांवर (वारंवार येणाऱ्या आणि क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या हद्दींवर) ठेवून पाहणे आणि त्याचा दाखला प्रस्तावाला जोडणे हे पहिल्या आठवड्याचे काम आहे. जागा लाल रेषेच्या आत असेल तर जोत्याची पातळी किती वर घ्यावी लागेल, भराव किती, त्याचा खर्च किती, हे अंदाजपत्रकात आले पाहिजे. ते नंतर ‘वाढीव काम’ म्हणून घुसवले तर केंद्राचा वाटा त्यावर मिळत नाही, सगळा भार शहरावर येतो.

विजेचे गणितही असेच आहे. ९ मीटरची बस किलोमीटरला साधारण एक युनिट घेते असे, चार्जिंगमधली गळती धरून, मोजावे. २०० किलोमीटरला २०० युनिट, शंभर बसना रोज २०,००० युनिट. रात्री अकरा ते पहाटे पाच या सहा तासांत ते भरायचे तर सरासरी ३,३०० किलोवॉटहून अधिक भार येतो. शिखर भार धरून चार मेगाव्होल्ट-अँपिअरची जोडणी मागावी लागते. दोन गनचे (एका वेळी दोन बसना जोडता येणारे) २४० किलोवॉटचे चार्जर घेतले तर २० ते २५ लागतील आणि रात्रपाळीत गन बदलायला माणसे लागतील. एवढा भार शेजारच्या वाहिनीवर बसत नाही. महावितरणकडे अर्ज करून तांत्रिक व्यवहार्यता अहवाल घ्यावा लागतो : कोणत्या उपकेंद्रातून, किती दाबाची, किती किलोमीटर भूमिगत केबल, उपकेंद्रात नवा रोहित्र लागेल का. केबलच्या मार्गात राष्ट्रीय महामार्ग किंवा रेल्वेमार्ग असेल तर त्यांची परवानगी वेगळी, आणि तिला महिने लागतात. महापालिकेच्या स्वतःच्याच रस्त्यांची खोदाई परवानगी पावसाळ्यात चार महिने बंद असते, हेही वेळापत्रकात कुणी लिहीत नाही.

या सगळ्या कामांतला कोणताही उशीर शहराचे थेट नुकसान करतो. योजनेची मुदत २०३७ पर्यंत आहे. ज्या शहराच्या बस लवकर धावू लागल्या त्याला दहा वर्षांचे पूर्ण साहाय्य मिळेल. ज्याचा डेपो तीन-चार वर्षे रखडला त्याची शेवटची वर्षे कापली जाऊ शकतात. वरच्या उदाहरणात केंद्राचे एका वर्षाचे साहाय्य १६ कोटी ६ लाख आहे, म्हणजे महिन्याला सुमारे एक कोटी ३४ लाख. कलम ३७ची एक सुनावणी महिनाभर पुढे ढकलली जाते तेव्हा एवढी रक्कम पणाला लागते.

बसखेरीज इतर प्रकल्पांसाठी, म्हणजे पदपथ, सायकल मार्ग, बसची स्वतंत्र मार्गिका, मेट्रो यांसाठी, केंद्र पहिल्यांदा विचारते ते शहराचा सर्वंकष गतिशीलता आराखडा, ज्याला कार्यालयात सगळे ‘सीएमपी’ म्हणतात. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणापासून याची अपेक्षा आहे आणि २०१७च्या मेट्रो रेल धोरणाने तो बंधनकारक केला. मेट्रो मागायची तर पर्यायांचे विश्लेषण, आर्थिक परताव्याचा दर किमान १४ टक्के, खासगी सहभाग आणि एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण एवढे सगळे दाखवावे लागते. नाशिकच्या निओ मेट्रोसाठी (रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी) २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटींची घोषणा झाली, तरी अंतिम मंजुरीसाठी शहराला पुढे वर्षानुवर्षे थांबावे लागले. अर्थसंकल्पातला उल्लेख आणि प्रकल्पाची मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बातमी देतानाही लक्षात घ्यावे ही विनंती.

सीएमपी दर पाच वर्षांनी ताजा करायचा असतो. अनेक शहरांत तो कपाटात दहा वर्षांचा झालेला असतो. नवा करताना गडबड होते ती मोजणीत. वाहनगणना मे महिन्यात, शाळा-महाविद्यालये बंद असताना केली जाते, कारण सल्लागाराची मुदत मार्चअखेरीच्या बिलाशी जोडलेली असते आणि काम लांबत मे उजाडतो. मोजणी चौकात होते, बसच्या आत होत नाही; त्यामुळे रस्त्यावर किती वाहने हे कळते, किती माणसे कुठून कुठे जातात हे कळत नाही. पायी चालणारे तर अनेक तक्त्यांत नसतातच. घरोघरी सर्वेक्षणात दुपारी अकरा ते पाच फिरतात, तेव्हा कामावर जाणारा माणूस घरी नसतो. अशा आकड्यांवर प्रवासी मागणीचा अंदाज बांधला की केंद्रीय मंत्रालयातला तपासणारा पहिल्याच पानावर शंका काढतो : सकाळच्या गर्दीच्या तासाची मोजणी कोणत्या तारखेची? सण होता का? सलग किती दिवस?

सविस्तर प्रकल्प अहवालात, म्हणजे डीपीआरमध्ये, ठरावीक जागी पैसे कमी पडतात. पहिली जागा म्हणजे रस्त्याखालच्या वाहिन्या. पदपथ किंवा बस मार्गिकेच्या अंदाजपत्रकात जलवाहिनी, मलवाहिनी, महावितरणची आणि दूरसंचारची केबल हलवण्याचा खर्च ‘एकरकमी’ म्हणून एका ओळीत लिहिला जातो. खोदल्यावर खरा आकडा कळतो. दोन-अडीच लाख खर्चून आधी दहा-बारा ठिकाणी चाचणी खड्डे घेतले असते तर हे टळले असते. दुसरी जागा कराची. महापालिकेच्या बांधकाम कंत्राटांवरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. त्याआधी तयार झालेले डीपीआर तसेच पुढे ढकलले तर ४० कोटींच्या कामात २ कोटी ४० लाखांची तफावत पहिल्याच दिवशी येते. तिसरी, राज्य दरसूची (सरकारी कामांच्या दरांची यादी) जुन्या वर्षाची. तांत्रिक मान्यता एका दरसूचीवर आणि निविदा दोन वर्षांनी निघाली तर ठेकेदारांचे देकार अंदाजपत्रकापेक्षा वर येतात, त्याला वेगळी मान्यता लागते, आणि फरक कुणी द्यायचा यावर पुन्हा पत्रव्यवहार.

चौथी जागा खरे तर पहिली असायला हवी : महापालिकेचा स्वतःचा हिस्सा. ठराव असतो, पण अंदाजपत्रकात त्या लेखाशीर्षावर टोकन म्हणून हजार रुपये टाकलेले असतात. राज्याकडच्या छाननी समितीत हे लगेच उघडे पडते. हिस्सा कर्जातून द्यायचा असेल तर पतमानांकन आणि परतफेडीचा स्रोत दाखवावा. पार्किंग शुल्क, बसवरील व थांब्यांवरील जाहिराती, डेपोच्या जागेचा व्यापारी वापर यांतून परिवहन निधी उभा करा, ही सूचना ‘जेएनएनयूआरएम’च्या काळापासून केंद्र करत आले आहे. फार थोड्या शहरांनी ती मनावर घेतली.

प्रस्तावाचा मार्ग असा. विभागाची टिपणी, लेखा विभागाचा अभिप्राय, आयुक्तांची मान्यता, स्थायी समिती, सर्वसाधारण सभा, मग राज्याचा नगरविकास विभाग, राज्यस्तरीय समिती, आणि तिथून केंद्रीय गृहनिर्माण व शहरी कार्य मंत्रालय. महापालिका थेट दिल्लीला अर्ज करू शकत नाही. खासदारांची शिफारस उपयोगी पडते ती फाइल कुठे आहे हे शोधायला; त्रुटी त्या पत्राने भरून निघत नाहीत. अनेक महापालिकांवर वर्षानुवर्षे प्रशासक होते तेव्हा ठराव एका सहीने झाले. वेळ वाचला, पण तुटीच्या आकड्यावर कुणी प्रश्न विचारला नाही.

पैसे आल्यावर दुसरी परीक्षा सुरू होते. अनुदान हप्त्यांनी येते आणि पुढचा हप्ता मागच्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर (पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यावर) अवलंबून असतो. सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे ठरलेल्या नमुन्यात ते द्यावे लागते. त्यात खर्च, शिल्लक आणि मिळालेले व्याज तिन्ही दाखवायचे असतात. हे व्याज शहराचे नसते. महापालिका आणि परिवहन उपक्रम यांच्या रोकडवह्या वेगळ्या, त्यामुळे एकाच रकमेचे दोन आकडे निघतात. ठेकेदाराला दिलेला आगाऊ पैसा ‘खर्च’ म्हणून दाखवला जातो आणि महालेखापालांच्या तपासणीत तो नामंजूर होतो. २०२१ पासून केंद्र पुरस्कृत योजनांचे पैसे राज्यातल्या एका नोडल खात्यातून फिरतात आणि प्रत्येक व्यवहार केंद्राच्या ‘पीएफएमएस’ या संगणकीय लेखाप्रणालीवर दिसतो, खात्यात शिल्लक पडून असेल तर पुढचा हप्ता थांबतो. म्हणजे एका शहराने वेळेवर खर्च केला नाही तर त्याच राज्यातल्या दुसऱ्या शहराची वाट अडते.

हवेच्या गुणवत्तेच्या निधीबद्दलही लिहायला हवे, कारण तो परिवहन विभागाला मागता येतो आणि बहुधा मागितला जात नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात १३१ शहरे आहेत, महाराष्ट्रातली १९. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या २०२४च्या मूल्यमापनात देशभरातला ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झाल्याचे आढळले आणि वाहनांच्या धुरावर फक्त १२.६३ टक्के. त्याचे कारण आम्हाला साधे दिसते. झाडणाऱ्या यंत्राची खरेदी एका निविदेत आणि एका आर्थिक वर्षात पूर्ण होते, उपयोगिता प्रमाणपत्र लगेच देता येते. बस मार्गिकेला तीन वर्षे लागतात. मार्चपूर्वी खर्च दाखवण्याच्या घाईत शहरे धूळ निवडतात. डीपीआर आधीच तयार असता तर त्याच पैशातून बसथांबे, सिग्नलचे समन्वयन, चार्जिंगची सोय झाली असती.

२०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक लाख कोटींचा ‘अर्बन चॅलेंज फंड’ जाहीर झाला. त्याची अट लक्षात घ्यावी : प्रकल्पाच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्र देणार, आणि किमान ५० टक्के रोखे, बँक कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभे करायचे. इथे तर बँकच प्रस्ताव तपासणार. बँक प्रशासकीय वाक्ये वाचत नाही, ती रोख प्रवाहाचा तक्ता मागते.

आमच्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. प्रत्येक महापालिकेने परिवहन विभागात पाच जणांचा कायम प्रकल्प कक्ष करावा : एक वाहतूक नियोजनकार, एक विद्युत अभियंता, एक लेखाधिकारी, एक निविदा व करार पाहणारा आणि एक आकडेवारी सांभाळणारा. आज हे काम रस्ते विभागातल्या उपअभियंत्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून असते. त्याची बदली झाली की फाइलची ओळखच पुसते. सल्लागाराचे सगळे शुल्क अहवाल सादर होताच देऊ नये, किमान तिसरा हिस्सा राज्य आणि केंद्राच्या त्रुटींची पूर्तता होईपर्यंत राखून ठेवावा. डेपोच्या दोन जागा (एक पर्यायी) ताबा, पूररेषा दाखला आणि महावितरणच्या अहवालासह कायम तयार असाव्यात, योजना असो वा नसो. आणि तुटीचा दहा वर्षांचा तक्ता ठरावाला जोडल्याशिवाय तो विषय सभेपुढे येऊ नये.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. यापुढे ‘निधी मंजूर’ अशी बातमी छापताना संबंधित अधिकाऱ्याला चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरे चौकटीत द्यावीत : जागेचा ताबा कोणत्या तारखेला मिळाला? विजेची जोडणी किती भाराची मंजूर झाली? महापालिकेच्या हिश्शाची या वर्षीची तरतूद किती रुपयांची? दरवर्षीची तूट किती, आणि ती कोणत्या लेखाशीर्षातून भरणार? उत्तर मिळाले नाही तर ‘उत्तर मिळाले नाही’ असे छापावे, आणि सहा महिन्यांनी तेच चार प्रश्न पुन्हा विचारावेत.

कळावे,
आपले,
नागरी वाहतूक नियोजन, विद्युत आणि लेखा या कामांतले काही वाचक